केसभर

दुकान बंद झालं की माझा दिवस उजाडतो.
काच उघडतो, बारका दिवा दातांत धरतो
आणि हातोडी घेऊन पितळी खिळ्यांच्या रानात शिरतो.
एका यंत्रात अडीचशे खिळे. यंत्रं एकशे वीस.
लोक ज्याला नशीब म्हणतात
ते मी रात्री अकरा ते तीन ठोकून बसवतो.

गोळी अकरा मिलिमीटरची.
भोकावरच्या दोन खिळ्यांतली फट त्याहून थोडी जास्त.
किती थोडी, ते मालक चिठ्ठीवर लिहून देतो.
केसभर उघडली तर गिऱ्हाईक हसतं,
केसभर मिटली तर मालक.

मुरोरानला तेव्हा पोलादाच्या भट्ट्या थंडावत होत्या.
कामावरून कमी केलेली माणसं
सकाळी नऊपासून बर्फात आमच्या दाराशी रांग लावायची.
त्यांत वाशिओ तोकुजी.
चौतीस वर्षं तापल्या लोखंडाचा रंग बघून अंश सांगणारा.
वैद्य जीभ बघतो तसा
तो काचेला नाक टेकवून खिळे बघायचा.

वही होती त्याची, निळ्या पुठ्ठ्याची.
यंत्राचा नंबर, खिळ्याचा कल,
गोळ्या गेल्या किती, परतल्या किती,
हवा दमट होती का.
पगार मिळत होता तेव्हाही इतका राबला नसेल.
बाकीचे मुठी भरून ओतायचे, यंत्राला शिव्या द्यायचे,
मग त्याच्याच पाया पडायचे.
वाशिओ तासभर बघायचा, पाव तास खेळायचा.
आणि जिंकायचा. खोटं कशाला बोलू, जिंकायचा.
रोज नाही, पण महिनाअखेर तराजू धरला
तर पारडं त्याच्याकडे झुकायचं.

मालक म्हणाला, म्हाताऱ्याला आवर.
तिथून आमचं सुरू झालं.
मी डावा खिळा खाली ओढला, उजवा वर लोटला:
दिसायला वेस उघडी, चालायला बंद.
तीन दिवस फसला.
चौथ्या दिवशी कुणाकडेच न बघता मान हलवली,
पैलवान समोरच्याच्या पकडीला दाद देतो तशी.
तेव्हा ध्यानात आलं,
त्याच्यासमोर नशीब बसलेलंच नव्हतं.
मी बसलो होतो. रात्रपाळीवर, पगारी.
आणि त्याचा डाव बघून झाल्यावर
माझा खेळायची मुभा होती मला.

फेब्रुवारीत त्याची बायको किनुए गेली.
आठ दिवस रांगेत दिसला नाही.
नवव्या दिवशी येईल असं वाटलं, म्हणून
सत्तेचाळीस नंबरला एक खिळा मी उघडा सोडला.
केसभर नाही, चांगला कणीएवढा.
चिठ्ठीत नव्हतं ते.

आला. काचेला नाक लावलं.
बराच वेळ उभा राहिला.
मग बावन्नवर जाऊन बसला
आणि तीन हजार येन घालवून उठला.

संध्याकाळी बंदराजवळच्या नूडलच्या टपरीवर
शेजारचं स्टूल ओढून म्हणाला,
"सत्तेचाळीसला हात घसरला तुझा. सारखा करून घे.
मालकाला दिसलं तर नोकरी जाईल."
म्हटलं, हो, थंडीनं बोटं आखडली होती.
दोघांनी वाफेत तोंडं घातली.

उठताना त्यानं वहीचं शेवटचं पान समोर धरलं.
अकरा वर्षांचा नफा, खर्च वजा जाता.
खाली तास. त्याखाली भागाकार.
उत्तर, धक्क्यावर मासे साफ करणाऱ्या बायकांच्या
मजुरीच्या निम्मं.
"बरोबर आहे ना?"
मी बोटं मोडून दोनदा तपासलं. बरोबर होतं.
"मग उद्या?"
"उद्या कुठला वाकवतोस, बघू की," म्हणाला
आणि निसरड्या बर्फावर पाय जपत
टेकडी चढायला लागला.

रात्री मी सत्तेचाळीसचा खिळा मिटवला.
एक ठोका जास्तच बसला.
तसाच राहू दिला.